चांद्रवीरांच्या मुखावरचे सोने

देवालयात गेलेल्या भाविकाचे डोळे प्रथम मूर्तीच्या मुखाकडे वळतात. हातांतील आयुधे, अंगावरील वस्त्रालंकार, मागची प्रभावळ हे सर्व त्यानंतर. गाभाऱ्यासमोर गर्दी असली आणि क्षणभरच उभे राहता आले, तरी मुखदर्शन घडले एवढ्यानेच मन तृप्त होते. उत्सवाच्या दिवशी शिवलिंगावर मुखवटा चढवितात, त्यामागेही हीच ओढ आहे. ज्याला मुख नाही त्यालाही मुख देऊन मनुष्य त्याच्याशी आपले नाते जोडतो. माणसांच्या बाबतीतही आमची रीत निराळी नाही. थोर पुरुषाचे चित्र म्हणजे त्याच्या चेहऱ्याचे चित्र, अशीच आम्हां सर्वांची समजूत असते.

या समजुतीस छेद देणारे एक छायाचित्र आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. राखाडी, पाऊलखुणांनी तुडविलेली भूमी, वर काळेकुट्ट आकाश, आणि मध्ये शुभ्र जाड पोशाखातील एक मनुष्य किंचित कलून उभा. चंद्रावर मनुष्य प्रथम उतरला त्या दिवसाचे हे चित्र. पाठ्यपुस्तकांत, दिनदर्शिकांवर, शाळांच्या भिंतींवर ते अनेक वर्षे झळकत आले आहे. परंतु त्यातील मनुष्याला चेहरा नाही. चेहऱ्याच्या जागी सोनेरी, आरशासारखा झळाळणारा एक फुगीर पडदा आहे. अनेक ठिकाणी या चित्राखाली नील आर्मस्ट्राँग असे नाव छापलेले आढळते. ते चूक आहे. चित्रातील मनुष्य आर्मस्ट्राँग नव्हे. ती चूक का घडली, आणि आर्मस्ट्राँग त्या चित्रात नेमका कोठे आहे, हे समजून घ्यावयाचे तर त्या सोनेरी पडद्याचाच इतिहास पाहिला पाहिजे. तोच आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

शिरस्त्राणाच्या या पुढच्या भागाला इंग्रजीवरून आलेला व्हायझर हा शब्द आता आमच्याकडेही रूढ झाला आहे. दुचाकीवर बसणारा त्याला नुसते 'हेल्मेटची काच' म्हणतो. चांद्रवीरांच्या शिरस्त्राणाची ही काच वस्तुतः काच नव्हती, हे पुढे येईलच. प्रथम तिची गरज का पडली ते पाहू.

चंद्राला आमच्या भाषेत शीतांशू, हिमांशू, सुधाकर अशी नावे आहेत. पृथ्वीवरून पाहणाऱ्याला ती यथार्थच वाटतात. परंतु चंद्राच्या भूमीवर दिवसा उभा राहणारा मनुष्य चांदण्यात नव्हे, तर निखळ उन्हात उभा असतो. तेथे वातावरण नाही. पृथ्वीवर पोचणारे ऊन हवेतून गाळून आलेले असते. वातावरणाच्या बाहेर दर चौरस मीटरवर सूर्याची सुमारे १३६० वॉट इतकी शक्ती पडते, ती निरभ्र मध्यान्हीसुद्धा जमिनीवर येईपर्यंत सुमारे १००० वॉट उरते. अतिनील किरणांचा घातक भाग तर ओझोनचा थर वरच्या वर शोषून घेतो. चंद्रावर हे गाळणे नाही. तेथील माध्यान्हीची भूमी सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. आकाश काळे असल्यामुळे डोळ्यांची बाहुली विस्फारू पाहते, आणि त्याच वेळी समोरची उजळ भूमी व सूर्य तिच्यावर आघात करीत असतात.

डोळ्याच्या आतील दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. बोट भाजले तर आपण ते झटकन मागे घेतो. दृष्टिपटल भाजते तेव्हा कोणतीही सूचना मिळत नाही, आणि हानी कळते ती काही तासांनंतर. १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास सूर्यग्रहण आमच्या ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. त्याच्या पूर्ण छायेचा पट्टा उत्तर कन्नडच्या किनाऱ्यावर भारतभूमीस टेकला आणि रायचूरवरून हैदराबादजवळच्या जपाल-रंगापूर वेधशाळेवरून पुढे गेला. त्या दिवशी अनेकांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या. ग्रहणाविषयी अनाठायी भीती पुष्कळ असली, तरी उघड्या डोळ्यांनी सूर्यबिंबाकडे पाहू नये ही सूचना मात्र पूर्णपणे शास्त्रीय होती. ग्रहण पाहणाऱ्याला काही मिनिटे सांभाळावयाचे असते. चंद्रावर चालणाऱ्याला तासन् तास सांभाळावयाचे होते.

त्यात आणखी एक अडचण मुद्दाम पत्करलेली होती. अपॉलो मोहिमांची अवतरणे चंद्रावरील सकाळी योजिलेली असत. सूर्य क्षितिजाजवळ असला की सावल्या लांब पडतात आणि खड्डे व धोंडे वरून स्पष्ट दिसतात. यान सुखरूप उतरविण्यासाठी ते आवश्यक होते. अपॉलो ११ उतरले तेव्हा सूर्य क्षितिजावर सुमारे ११ अंश इतकाच चढला होता, आणि वस्तूंच्या सावल्या त्यांच्या उंचीच्या पाचपट लांब पडत होत्या. उतरणाऱ्या यानाला सोयीचे तेच चालणाऱ्या माणसाला गैरसोयीचे ठरले. पूर्वेकडे तोंड केले की सूर्य थेट डोळ्यांत. पश्चिमेकडे वळले की स्वतःच्या सावलीभोवतीची जमीन इतकी चकाकणारी की तिच्यावरील उंचसखल ओळखू येऊ नये.

या उन्हाला अडविण्यासाठी सोने निवडले गेले ते त्याच्या मोलासाठी नव्हे, तर त्याच्या स्वभावासाठी. सोन्याचा वर्ख आमच्या परिचयाचा आहे. रतीभर सोने ठोकून ठोकून केवढा विस्तार पावते हे आमच्या कारागिरांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. परंतु पुरेसा पातळ वर्ख प्रकाशापुढे धरला तर त्यातून आरपार दिसते, आणि पलीकडचे जग हिरवट दिसते, ही गोष्ट फारसे कोणी पाहिलेली नसते. मायकेल फॅरडे या थोर इंग्रज शास्त्रज्ञाने १८५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोन्याच्या अतिपातळ पापुद्र्यांवरील आपले प्रयोग मांडले, त्यांत या हिरव्या प्रकाशाचा विचार केलेला होता. सोने पिवळा व तांबडा प्रकाश परतवते, हिरव्या-निळ्याचा काही अंश आत जाऊ देते, आणि उष्णता वाहणारे अवरक्त किरण तर बहुतांशी माघारीच धाडते. शिवाय ते काळवंडत नाही, गंजत नाही. म्हणजे दिसावे, पण भाजू नये, या दोन्ही अटी एकाच धातूने पुऱ्या केल्या.

वर्ख चिकटवून मात्र हे काम भागत नाही. निर्वात पात्रात सोने तापवून त्याची वाफ करतात आणि ती वाफ पारदर्शक पृष्ठभागावर समप्रमाणात बसू देतात. बसलेला थर इतका तलम असतो की त्यात घालावे लागणारे सोने अगदी नगण्य. उपग्रहांभोवती जी सोनेरी वेष्टने दिसतात ती बहुधा सोन्याची नसतात. पिवळसर प्लास्टिकच्या पत्र्यामागे ॲल्युमिनियमचा थर असतो आणि दोहोंचा मिळून तो रंग दिसतो. चांद्रवीरांच्या मुखावरचे सोने मात्र खरेखुरे सोने होते.

यानाबाहेर पडण्याचा मान प्रथम रशियाच्या अलेक्सी लिओनोव्ह यांना मिळाला. १८ मार्च १९६५ रोजी ते सुमारे १२ मिनिटे अवकाशात तरंगत होते. त्यानंतर अडीच महिन्यांनी, ३ जून १९६५ रोजी, जेमिनी ४ मधून अमेरिकेचे एडवर्ड व्हाइट बाहेर पडले. त्यांच्या शिरस्त्राणावर सोन्याचा मुलामा दिलेला व्हायझर होता. यानात बसलेले त्यांचे सहकारी जेम्स मॅकडिव्हिट यांनी घेतलेली त्यांची छायाचित्रे जगभर गाजली. खाली निळी पृथ्वी, वर काळे आकाश, आणि मध्ये हा पुरुष. पण मुख झाकलेले. चेहऱ्याविना वीराचे चित्र काढण्याची जणू ती प्रथाच तेथे सुरू झाली. हे व्हाइट पुढे २७ जानेवारी १९६७ रोजी आपल्या दोन सहकाऱ्यांसह जमिनीवरील चाचणीच्या वेळी यानात लागलेल्या आगीत मृत्यू पावले. चंद्र त्यांच्या वाट्याला आला नाही.

डोळ्यांपुढची ही काच बाहेरच्या उन्हापासून जशी राखते, तशीच ती आतून घात करू शकते, हा धडा जेमिनी ९ च्या वेळी मिळाला. ५ जून १९६६ रोजी यूजीन सर्नन दोन तासांहून अधिक काळ यानाबाहेर होते. धरावयास पुरेसे आधार नाहीत, पोशाख ताठर, प्रत्येक हालचालीला अतोनात श्रम. घामाने व उच्छ्वासाने काच आतून धुकटली. हात शिरस्त्राणाच्या आत नेता येत नाही, तेव्हा पुसणार कशाने? सर्नन यांनी नाकाच्या शेंड्याने काचेवर एक लहानसा झरोका मोकळा केला आणि त्यातून पाहात ते कसेबसे परतले. पाठीवर स्वतंत्र उड्डाणयंत्र बांधून फिरण्याचा जो बेत होता तो सोडून द्यावा लागला. या अनुभवातून पुढील तयारीला वळण लागले. अपॉलोच्या चांद्रवीरांनी अंगाशी जे आतले वस्त्र घातले त्यात बारीक नळ्या विणलेल्या होत्या व त्यांतून थंड पाणी खेळविले जाई. काचेवर धुके धरू नये म्हणून आतून द्राव फासण्याचीही पद्धत पडली. हेच सर्नन पुढे चंद्रभूमीवरून परतणारे शेवटचे मानव ठरणार होते.

अपॉलोचे शिरस्त्राण ही एक सलग, पारदर्शक, घुमटाकार हंडी होती. पूर्वीची शिरस्त्राणे डोक्याबरोबर वळत असत. ही हंडी गळ्याच्या कड्याला पक्की बसे आणि डोके तिच्या आत मोकळेपणी फिरे. ती पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची घडविलेली होती. १९५३ साली जर्मनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे या द्रव्याचा शोध लावला. काचेसारखे पारदर्शक, पण आघात सोसणारे आणि अतिनील किरण शोषून घेणारे हे द्रव्य जणू या कामासाठीच जन्माला आले होते. चंद्रभूमीवर उतरण्यापूर्वी या हंडीवर आणखी एक टोप चढवीत. त्यात वरखाली सरकविता येणारे दोन पडदे असत. आतला पडदा स्वच्छ पॉलिकार्बोनेटचा, आघात व उष्णता यांपासून रक्षणासाठी. बाहेरचा पडदा पॉलिसल्फोन या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचा, आणि त्यावर सोन्याचा तो थर. सूर्य समोर असेल तेव्हा सोनेरी पडदा खाली ओढावयाचा, सावलीत काम असेल तेव्हा वर सारावयाचा, अशी योजना होती.

या शिरस्त्राणाखालचा पोशाख डेलावेअर राज्यातील डोव्हर गावी शिवला जात असे. ज्या कंपनीला हे काम मिळाले ती मूळची स्त्रियांची अंतर्वस्त्रे बनविणारी होती. तिच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी थरावर थर ठेवून, टाक्यामागे टाका घालून हे पोशाख तयार केले. एखादा टाका चुकला तर त्याची किंमत माणसाच्या प्राणाने मोजावी लागली असती. आमच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर देणगीदारांची नावे कोरलेली सापडतात, पण शिखर रचणाऱ्या गवंड्याचे नाव क्वचितच आढळते. चंद्राच्या वाटेवरही असेच घडले. त्या शिवणाऱ्या हातांना कोणताही पडदा नव्हता, तरी त्यांचे चेहरे जगाने पाहिले नाहीत.

आर्मस्ट्राँग यांचे पाऊल चंद्राला लागले तेव्हा भारतात २१ जुलै १९६९ ची सकाळ होती. साडेआठ वाजावयास तीन-चार मिनिटे कमी होती. अमेरिकेत अजून २० तारखेची रात्र होती. थोड्या वेळाने एडविन ऑल्ड्रिन शिडीवरून खाली आले. दोघांनी मिळून सुमारे अडीच तास बाहेर काम केले. छायाचित्रांचा कॅमेरा बहुतेक काळ आर्मस्ट्राँग यांच्याकडे होता. शिरस्त्राणामुळे कॅमेरा डोळ्याशी नेणे शक्यच नव्हते, म्हणून तो छातीवर अडकविलेला असे आणि अंदाजाने, अंग वळवून नेम धरावा लागे. परिणाम असा झाला की पहिल्या चांद्रावतरणाची जी स्थिरचित्रे आली, त्यांतील माणूस जवळजवळ सर्वत्र ऑल्ड्रिन आहेत. आर्मस्ट्राँग यांची स्पष्ट अशी फारच थोडी चित्रे आहेत, आणि त्यांतील एकात ते यानाजवळ पाठमोरे आहेत.

आता आरंभीच्या छायाचित्राकडे पुन्हा वळू. चित्रातील मनुष्य म्हणजे ऑल्ड्रिन. चित्र काढणारे आर्मस्ट्राँग. अंदाजाने नेम धरल्यामुळे चित्राच्या वरच्या कडेत ऑल्ड्रिन यांच्या पाठीवरील उपकरणाचे टोक कापले गेले होते. वृत्तपत्रांना जी प्रत दिली गेली तिच्यात वर काळ्या आकाशाची पट्टी वाढविलेली आहे. परंतु खरी मौज त्या सोनेरी पडद्यात आहे. फुगीर आरशात जसे सभोवारचे जग लहान होऊन एकवटते, तसे त्या व्हायझरमध्ये चंद्रभूमी, यान आणि समोर उभा असलेला एक चिमुकला शुभ्र पुरुष प्रतिबिंबित झाले आहेत. तो चिमुकला पुरुष म्हणजेच नील आर्मस्ट्राँग. ऑल्ड्रिन यांचे मुख झाकणाऱ्या पडद्याने आर्मस्ट्राँग यांना चित्रात जागा दिली. ही कोणाची योजना नव्हती. अवरक्त किरण परतविण्यासाठी चढविलेल्या सोन्याने दृश्य प्रकाशही थोडाबहुत परतविला, आणि त्यायोगे इतिहासाची एक नोंद झाली.

ज्यांनी या चित्राखाली आर्मस्ट्राँग यांचे नाव छापले त्यांना आम्ही फार दोष देऊ शकत नाही. पहिला तो आर्मस्ट्राँग, आणि चंद्रावरील चित्र हे. तेव्हा चित्रातला पुरुष तोच असणार, असा सरळ हिशेब कोणीही करील. चेहरा दिसला असता तर हा हिशेब टिकला नसता. मुख झाकलेले असले की मनुष्य त्या जागी आपल्याला हवे ते मुख कल्पितो. आर्मस्ट्राँग यांचा चेहराच चंद्रावर टिपला गेला नाही असेही नाही. यानाच्या खिडकीतून आपोआप चालणाऱ्या चलच्चित्र कॅमेऱ्याच्या फितीत, सोनेरी पडदा वर सारलेला असताना, त्यांचा चेहरा ओझरता दिसतो. पण जगाने आठवणीत ठेवले ते हे दुसरेच चित्र.

चार महिन्यांनी अपॉलो १२ चे वीर चंद्रावर उतरले. १९ नोव्हेंबर १९६९ रोजी दूरदर्शन कॅमेरा दुसऱ्या जागी नेताना ॲलन बीन यांच्याकडून त्याचे भिंग सूर्याकडे वळले. क्षणार्धात त्याची आतील नळी निकामी झाली आणि पृथ्वीवरील प्रेक्षकांना पुढचे काहीच दिसेना. सोन्याच्या पडद्याविना डोळा चंद्रावर उघडा पडला तर काय होईल, याचे याहून बोलके उदाहरण नको. याच मोहिमेत पीट कॉनरॅड यांनी बीन यांचे जे छायाचित्र काढले, त्यातही बीन यांच्या सोनेरी पडद्यात कॉनरॅड यांचे प्रतिबिंब दिसते. जे पहिल्या वेळी योगायोगाने घडले ते दुसऱ्या वेळीही घडले. दोनच माणसे आणि एक निर्जन भूमी असली की प्रत्येकाच्या मुखावर दुसराच दिसावयाचा. सखल सूर्याचा त्रास दोन्ही मोहिमांत जाणवल्यामुळे पुढे शिरस्त्राणाला कपाळावरून खाली ओढता येणारी एक अपारदर्शक झापडही जोडण्यात आली.

मुख झाकल्याने आणखी एक व्यावहारिक पेच उभा राहिला. पोशाख एकसारखे, चाल एकसारखी, चेहरे सोन्याआड. चित्रे पाहणाऱ्यांना यातला कोण तो आणि कोण हा, हे सांगता येईना. तेव्हा मोहिमेच्या नायकाच्या शिरस्त्राणावर, दंडांवर व पायांवर तांबडे पट्टे काढण्याचे ठरले. अपॉलो १३ च्या पोशाखावर ते काढलेही होते, पण त्या मोहिमेला चंद्रावर न उतरताच परतावे लागले. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपॉलो १४ चे नायक ॲलन शेपर्ड हे तांबडे पट्टे अंगावर घेऊन चंद्रावर चालले. रणांगणात चिलखत घातलेल्या योद्ध्याला ध्वजावरून किंवा तुऱ्यावरून ओळखीत, तसाच हा प्रकार. जेथे मुख दिसत नाही तेथे चिन्ह आले.

डिसेंबर १९७२ मधील अपॉलो १७ ही मालिकेतील शेवटची मोहीम. सर्नन आणि हॅरिसन श्मिट तीन दिवसांत मिळून सुमारे २२ तास चंद्रभूमीवर वावरले. श्मिट हे पेशाने भूगर्भशास्त्रज्ञ, खडकांचे रंग व पोत पारखणे हेच त्यांचे काम. येथे सोनेरी पडद्याचा दुसरा शत्रू समोर आला. चंद्रावर वारा नाही, पाणी नाही, म्हणून तेथील धुळीच्या कणांची धार बोथट होत नाही. काचेच्या चुऱ्यासारखी ती धूळ सर्वत्र चिकटते आणि पुसू जावे तर ओरखडे उठविते. चांद्रगाडीच्या चाकावरील मडगार्ड हातोडा लागून तुटले तेव्हा तर धुळीचा वर्षावच होऊ लागला. शेवटी नकाशांचे जाड कागद चिकटपट्टीने जोडून त्यांनी दुसरे मडगार्ड तयार केले. या धुळीने श्मिट यांच्या सूर्यपडद्यावर इतके ओरखडे पडले की काही दिशांना त्यांना नीट दिसेना. पारखीचे काम असेल तेव्हा ते पडदा वर सारीत. त्या मोहिमेच्या काही चित्रांत म्हणूनच त्यांचा चेहरा दिसतो. ज्याला पाहावयाचे आहे त्याला कधीतरी आपले रक्षण बाजूला सारावे लागते, हे त्या भूगर्भशास्त्रज्ञाने कृतीने दाखविले. पुढे जे कोणी चंद्रावर दीर्घकाळ राहू इच्छितील त्यांना उन्हाइतकाच या धुळीचाही बंदोबस्त करावा लागेल.

आमच्या लोकांनी या वीरांचे मुखदर्शन घेतले नाही असे मात्र नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि त्यांचे तिसरे सहकारी मायकेल कॉलिन्स जगाच्या दौऱ्यावर असताना मुंबईसही आले. अफाट जनसमुदाय त्यांना पाहावयास लोटला. तेथे ना शिरस्त्राण होते, ना सोनेरी पडदा. मुंबईच्या उन्हात इतरांसारखेच डोळे किलकिले करणारे ते तीन पुरुष होते. कॉलिन्स यांना तर चंद्रावर पाऊल ठेवण्याची संधीच नव्हती. ते चंद्राभोवती यान फिरवीत एकटे राहिले होते. पडद्यात प्रतिबिंबित होण्याइतकीही जागा त्या प्रसिद्ध चित्रात त्यांना मिळाली नाही, आणि तरीही ते नसते तर बाकीचे दोघे घरी परतले नसते.

ॲलन बीन यांनी १९८१ साली अवकाशसंस्था सोडली आणि उरलेले आयुष्य चित्रकलेला वाहिले. चंद्रावर प्रत्यक्ष चालून आलेल्या चित्रकाराची ही चित्रे जगात आगळी आहेत. आपल्या पोशाखावरील पट्ट्यांना चिकटलेली चंद्राची धूळ ते रंगांत मिसळीत. सोनेरी पडदे आणि त्यांतली प्रतिबिंबे त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येतात. आर्मस्ट्राँग यांचा पोशाख व शिरस्त्राण वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय विमान व अवकाश संग्रहालयात आहेत. काळाच्या ओघात पोशाखातील रबर व कापड खचू लागले, तेव्हा २०१५ साली सामान्य नागरिकांनी वर्गणी जमवून त्याच्या जतनाला हातभार लावला, आणि १६ जुलै २०१९ रोजी, अपॉलो ११ च्या प्रयाणाला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, तो पुन्हा लोकांच्या दर्शनाला ठेवला गेला. ज्या शिरस्त्राणाने त्याचे मुख झाकले ते आता मुखाविना, रिकामे, सर्वांसमोर आहे.

आमच्या मंदिरांतील कळसाला सोने चढवितात ते दुरून दिसावे म्हणून. चांद्रवीरांच्या मुखावर सोने चढविले ते आतल्या माणसाला दिसावे म्हणून. दोन्ही ठिकाणी सोने उन्हाला तोंड देते. परंतु या दुसऱ्या सोन्याने न योजिता आणखी एक काम केले. ज्याने कॅमेरा धरला, जो पहिला उतरला आणि म्हणून चित्रात नव्हता, त्यालाही त्याने सोडले नाही. घरी किंवा शाळेत ते चित्र असेल तर वाचकांनी ते एकदा भिंतीवरून उतरवून जवळ घ्यावे, खालचे नाव पाहावे, चूक असेल तर ती दुरुस्त करावी, आणि मग मुलांना जवळ बोलावून त्या सोनेरी पडद्यात बोट ठेवून दाखवावे. नखाएवढा तो शुभ्र ठिपका म्हणजे चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारा मनुष्य.